एका ‘ऱ्या’ची दोन रूपं आणि जुनं न मोडण्याची किंमत

हे दोन शब्द नीट पाहा: दुसऱ्या, दुसर्‍या. फाँट बरा असेल तर डोळ्यांना काहीच फरक दिसणार नाही. आता दोन्ही कॉपी करून पायथॉनमध्ये त्यांची लांबी विचारा. पहिल्याची ७ येते, दुसऱ्याची ८. यूटीएफ-८ मध्ये साठवले तर पहिला २१ बाइट खातो आणि दुसरा २४. आणि ‘हे दोन समान आहेत का?’ असं संगणकाला विचारलं, तर तो शांतपणे ‘नाही’ म्हणतो.

पहिल्या शब्दात आतून अशी रांग आहे: द, उकार, स, ऱ, पाय मोडण्याचं चिन्ह, य, काना. दुसऱ्यात ऱ नाहीच. तिथे साधा र आहे, मग पाय मोडण्याचं चिन्ह, मग कागदावर ज्याला काहीही रूप नाही असा एक अदृश्य जोडक, आणि पुढे य, काना.

संशोधनाच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांना बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी हा शब्द सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पुस्तकात भेटतो. व्याख्या सोपी असते: फ्रेमवर्क बदललं तरी त्यावर आधी लिहिलेलं चालत राहिलं पाहिजे. परीक्षेत तेवढं लिहून गुण मिळतात. पण ती सांभाळायला काय लागतं आणि त्याचा भार कोणाच्या डोक्यावर पडतो, हे बघायचं असेल तर मराठीतल्या या एका अर्ध्या र इतकं चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. म्हणून आज थोडा इतिहास.

आधी हे स्पष्ट करू की हा फरक हौसेचा नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्याला’ बोलावलं तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्याला’ बोलावलं तर स्वयंपाकी. रफार असेल तर आधीच्या अक्षरावर आघात येतो, ऱ्य मध्ये येत नाही. शाळेत आपण हे कानाने शिकतो. हिंदीला हा भेद लागत नाही. मराठीला, कोकणीला, नेपाळीला लागतो. आणि मराठीत तो दुर्मिळ शब्दांपुरता नाही: शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांचे, जिल्हाधिकाऱ्यांनी, मेट्रोच्या फेऱ्या, किनाऱ्यावर, बऱ्याच. राकारान्त किंवा रीकारान्त नामांचं सामान्यरूप झालं की बहुतेक वेळा ऱ्य समोर उभा. कुठलाही शासन निर्णय उघडा, पहिल्या परिच्छेदात एक तरी मिळेलच.

आता १९८० च्या दशकात जाऊ. भारतीय लिप्या संगणकावर आणायचं काम आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलं, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते काम ‘जिस्ट’ या नावाने तिथे वाढलं. त्याच काळात ‘इस्की’ नावाची प्रमाण संकेतावली आकाराला येत होती. १९८३, १९८६ आणि १९८८ अशा तिच्या आवृत्त्या आल्या. इस्कीमागची कल्पना फार देखणी होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिप्यांची वर्णमाला साधारण एकच आहे, तर तक्ताही एकच ठेवू. ‘क’ ची जागा एकच, मग तो देवनागरीत दाखवायचा की बंगालीत की कन्नडमध्ये, हे वेगळं सांगायचं. म्हणजे एका लिपीतला मजकूर दुसऱ्या लिपीत नेणं जवळजवळ फुकटात.

पण एकच तक्ता म्हटलं की त्यात सगळ्यांची अक्षरं हवीत. द्रविड भाषांमध्ये आपल्या र पेक्षा वेगळा असा आणखी एक र आहे. तो देवनागरीत दाखवायची सोय म्हणून ‘ऱ’ हे नुक्तावालं अक्षर तक्त्यात बसलं. मराठीत पूर्ण ऱ कोणी लिहीत नाही. मात्र त्याचा पाय मोडला की जे अर्धं रूप होतं, ते इस्कीने आपल्या ऱ्य, ऱ्ह साठी वापरलं. थोडक्यात, दक्षिणेसाठी बांधलेल्या खोलीत मराठीला ओसरी मिळाली. इनस्क्रिप्ट कळपाटावर शिफ्ट दाबून जे ची कळ दाबली की ऱ येतो, तो याच हिशेबाने. मला स्वतःला ही तडजोड आवडते. एक कळ, एक संकेत, आणि पडद्यावर न दिसणाऱ्या चिन्हांचा खेळ नाही.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरीसाठी त्यांनी इस्कीचाच तक्ता घेतला, पण तो १९८८ चा. आणि इकडे भारतीय मानक ब्यूरोने १९९१ च्याच अखेरीस इस्कीची सुधारित आवृत्ती काढली, आयएस १३१९४:१९९१. तिच्यात मांडणी आणि अक्षरसंच दोन्ही थोडे बदलले होते. म्हणजे जगभर जाणारा तक्ता ज्या वर्षी छापला गेला, त्याच वर्षी त्याचा मूळ आधार जुना झाला. आजही युनिकोडचा देवनागरी भाग १९८८ च्या इस्कीच्या क्रमाने उभा आहे. क ची जागा देवनागरीत ०९१५, बंगालीत ०९९५. षोडशमान पद्धतीत हा फरक बरोबर १२८ घरांचा भरतो. ‘एकच तक्ता’ या कल्पनेचं ते उरलेलं हाड आहे.

यापुढची गोष्ट १९९६ सालच्या युनिकोड २.० ची, आणि इथे जरा थांबायला हवं.

त्या आवृत्तीत कोरियन हंगुलची ६,६५६ अक्षरं आधीच्या जागेवरून काढून नव्या जागी नेली गेली, कारण पूर्ण ११,१७२ अक्षरं सलग बसवायची होती. तोपर्यंत ज्यांनी जुन्या जागा धरून मजकूर साठवला होता, त्यांचा मजकूर निरर्थक झाला. या प्रकाराला आजही ‘कोरियन गोंधळ’ म्हणतात. त्यानंतर युनिकोडने शपथच घेतली: २.० पासून पुढे, एकदा दिलेली जागा हलवायची नाही, काढून घ्यायची नाही, अक्षराचं नावसुद्धा बदलायचं नाही. चुकीचं असलं तरी नाही.

आणि याच २.० च्या काळात अर्ध्या र साठी सांगितलेली कृती होती र, पायमोड, अदृश्य जोडक. पुढच्या आवृत्त्यांमध्ये इस्कीशी जुळावं म्हणून ऱ आणि पायमोड हा मार्ग मुख्य नियम झाला. पण जुनी कृती रद्द केली नाही. तिच्यासाठी नियमाला एक उपनियम जोडला, आणि त्यात कारणही सरळ लिहिलं: दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून. तर आपल्या दोन ‘दुसऱ्या’ तिथून आल्या.

तुम्ही म्हणाल, दोन्ही चालतात ना, मग अडचण काय?

अडचण अशी, की ‘दोन्ही दाखवता येतात’ आणि ‘दोन्ही एकच आहेत’ ही वेगवेगळी वचनं आहेत. युनिकोडने पहिलं दिलं, दुसरं दिलं नाही. मजकूर तुलनेसाठी एकसारखा करण्याची जी प्रमाण पद्धत आहे, नॉर्मलायझेशन, ती या दोघांना एक करत नाही. गंमत म्हणजे ऱ लिहिण्याचा तिसराही प्रकार आहे: र आणि त्यानंतर सुटा नुक्ता. तो मात्र नॉर्मलायझेशनमध्ये बरोबर ऱ होतो, कारण तशी समानता तक्त्यात नोंदलेली आहे. अदृश्य जोडकाच्या रूपाला ती नोंद नाही. मग आता करता येईल का? नाही. नॉर्मलायझेशनचे निकाल बदलायचे नाहीत असंही वचन पुढे दिलं गेलं, कारण जगभरच्या फाइली, डेटाबेस, डिजिटल सह्या त्यावर अवलंबून आहेत. एका वचनाने दोन रूपं जिवंत ठेवली आणि दुसऱ्या वचनाने ती जुळवायचा रस्ता बंद केला. दोन्ही वचनं आपापल्या जागी शहाणपणाची आहेत, हे विशेष.

अदृश्य जोडकाचं आणखी एक दुखणं आहे. जी गोष्ट दिसत नाही ती कोणालाही कचरा वाटते. युनिकोडच्या नियमांतही या चिन्हाकडे एरवी दुर्लक्ष करायला मुभा आहे, आणि शब्दांचा क्रम लावताना त्याला वजन नसतं. मजकूर साफ करणारे किती तरी प्रोग्राम शून्य रुंदीची चिन्हं सरसकट उडवतात. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही. मराठीत जोडक उडाला की र आणि पायमोड उरतात, त्यांचा रफार होतो, आणि दऱ्यांचा दर्या होतो! ही केवळ कल्पना नाही. २००३ साली इंटरनेटवरच्या बिगर-रोमन डोमेन नावांचे जे पहिले नियम झाले, त्यात हा जोडक नावातून गाळून टाकायचा असंच ठरलं होतं. २०१० च्या सुधारित नियमांत पायमोडीनंतर आला तर तो राहू द्यावा अशी सूट मिळाली. तरी डोमेनच्या सर्वांत वरच्या पातळीवर, म्हणजे ‘.भारत’ असतं तिथे, जोडक आजही चालत नाही. ऱ घेऊन लिहिलेल्या रूपाला यातली कुठलीच इजा पोहोचत नाही. त्यामुळे नवा मजकूर साठवायचा असेल तर कोणतं रूप घ्यावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अशीच गोष्ट ‘ॲ’ ची. बॅट, कॅच लिहायला चंद्र होताच, पण शब्दाच्या सुरुवातीला मराठीत अ वर चंद्र देतात आणि हिंदीत ए वर. तक्त्यात फक्त हिंदीचा ऍ होता. मग मराठी लोक अ टाकून त्यावर सुटा चंद्र चढवायचे. २००८ मध्ये युनिकोड ५.१ ने मराठीच्या ॲ ला स्वतंत्र जागा दिली, ०९७२. छान झालं. पण ‘अ अधिक चंद्र’ आणि ‘ॲ’ यांची समानता नोंदवलेली नाही, म्हणून त्यापूर्वीचा ‘ॲसिड’ आणि त्यानंतरचा ‘ॲसिड’ हे यंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द राहिले. नवं दार उघडलं, जुनं उघडंच ठेवलं, आणि दोन्ही दारांनी आलेली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत.

मोडायचंच ठरवलं तर काय होतं, तेही पाहू. पायथॉनने ते केलं. पायथॉन २ मध्ये मजकूर आणि नुसते बाइट यांची सरमिसळ होती. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ ने मजकूर म्हणजे युनिकोडच असं ठरवून टाकलं आणि जुना कोड चालणार नाही हे मान्य केलं. जुन्या आवृत्तीचा आधार शेवटी १ जानेवारी २०२० ला थांबला. म्हणजे अकरा वर्षं जग दोन भाषांत विभागलेलं होतं. प्रयोगशाळांमध्ये ‘हे २ वर चालतं की ३ वर?’ हा प्रश्न कित्येक वर्षं रोजचा होता. पण आज पायथॉनमध्ये मराठीवर काम करणं जे सोपं झालंय, ते त्या मोडण्यामुळेच. तेव्हा न मोडणं हे नेहमी पुण्याचंच काम आहे असं मी म्हणणार नाही.

मला सगळ्यांत हुशार वाटलेलं उदाहरण मात्र तिसरं आहे, आणि ते फाँटच्या पोटात दडलेलं आहे. अक्षरं साठवणं एक आणि जोडाक्षर घडवून दाखवणं वेगळं. ते दुसरं काम फाँट आणि इंजिन मिळून करतात. विंडोजमध्ये ते इंजिन म्हणजे युनिस्क्राइब. विंडोज २००० सोबत आलेला ‘मंगल’ फाँट र. कृ. जोशींनी केलेला. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये त्यांनी शिकवलं आणि नंतर जुहूच्या एनसीएसटीत ते फाँटवर काम करत होते. तेव्हाच्या पद्धतीत ‘महाराष्ट्र’ मधला ट खालचा रकार घडवताना इंजिन फाँटकडे आधी र आणि मग पायमोड अशी जोडी पाठवत असे. नंतर मायक्रोसॉफ्टने भारतीय लिप्यांची पद्धत नव्याने लिहिली आणि जोडी उलटी केली: आधी पायमोड, मग र. साठवलेल्या मजकुराचा क्रमही असाच असल्यामुळे हे अधिक सरळ होतं. पण मग जुने सगळे फाँट नव्या इंजिनात फुटले असते.

त्यांनी काय केलं? फाँटच्या आत लिपीची एक चिठ्ठी असते. देवनागरीची जुनी चिठ्ठी होती ‘देव’. नव्या पद्धतीसाठी ‘देव२’ अशी वेगळी चिठ्ठी काढली. इंजिन आधी फाँटमध्ये देव२ शोधतं. मिळाली तर नव्या क्रमाने चालतं, नाही तर जुन्या फाँटशी जुन्या क्रमाने बोलतं. एकाच फाँटमध्ये दोन्ही चिठ्ठ्या ठेवता येतात. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड यांच्यात असलेलं हार्फबझ हे मुक्त इंजिनही हेच पाळतं. लक्षात घ्या, इथे साठवलेल्या मजकुराला कोणी हात लावला नाही. भार इंजिन लिहिणाऱ्या मोजक्या लोकांनी उचलला, टाइप करणाऱ्याला कळलंही नाही. ऱ च्या बाबतीत उलट झालं. इंजिनवाले सुटले आणि भार मजकुरात उतरला, म्हणजे प्रत्येक लिहिणाऱ्यावर आणि शोधणाऱ्यावर.

मी साकीनाक्याला राहते. इथे खैरानी रोडच्या बाजूच्या गाळ्यांत छपाईची आणि डीटीपीची कामं चालतात. त्यातल्या एका काकांकडे मी बाइंडिंगसाठी जाते. त्यांच्या एका जुन्या मशीनवर अजून पेजमेकर आहे. (पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ ची.) मी एकदा विचारलं, “काका, युनिकोडमध्ये का नाही करत टाइप?” ते म्हणाले, “अगं, नवीन जॉब करतो की. पण वीस वर्षांचं मॅटर आहे त्या फाँटमध्ये. दर वर्षी तोच मंडळाचा अहवाल, नावं तेवढी बदलायची. ते कोण पुन्हा मारणार?”

काकांचा मुद्दा बिनतोड आहे. युनिकोडपूर्वीचे मराठी फाँट, श्रीलिपी असो की शिवाजी, रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवून चालत. दिसायचं मराठी, आत रोमन खुणा. त्या जगात ऱ्य चा प्रश्नच नव्हता. अर्ध्या र चा तुकडा होता, तो उमटवला, संपलं. प्रश्न होता तो फाँट बदलला की सगळा मजकूर गचाळ व्हायचा. असं मॅटर युनिकोडमध्ये आणणाऱ्या कन्व्हर्टरला बरीच उलथापालथ करावी लागते. ऱ्हस्व वेलांटी जुन्या मजकुरात अक्षराच्या आधी मारलेली असते, ती मागे न्यावी लागते. ‘वर्षी’ मधला रफार शेवटी मारलेला असतो, तो ष च्या अलीकडे आणावा लागतो. आणि अर्ध्या र चा तुकडा समोर आला की कन्व्हर्टर लिहिणाऱ्याला ठरवावं लागतं: ऱ देऊ की जोडक? कोणी हे दिलं, कोणी ते. कळपाटांचंही तसंच झालं. म्हणून आज मराठी जालावर दोन्ही रूपं सर्रास सापडतात, कधी एकाच पानावर.

तुमच्यापैकी कोणी मराठी मजकुरावर काम करणार असेल, मग ते भाषाशास्त्र असो, वर्तमानपत्रांचा अभ्यास असो की मशीन लर्निंग, तर हे थेट तुमच्या तक्त्यांत उतरतं. समजा दहा वर्षांच्या मजकुरात ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द किती वेळा आला हे मोजायचंय. एका रूपाने शोधलं तर दुसरं रूप निसटेल. त्याहून वाईट म्हणजे हे निसटणं समान वाटलेलं नसतं. एखाद्या स्रोताने कन्व्हर्टर किंवा कळपाट बदलला, त्या वर्षी आकडा अचानक पडलेला दिसेल, आणि आपण त्या पडण्याची सामाजिक कारणं शोधत बसू. मी माझ्या कामात आधी मूळ फाइल हात न लावता बाजूला ठेवते. मग प्रतीवर जोडकवाली रूपं ऱ मध्ये बदलते, सुटे चंद्र ॲ मध्ये आणते, आणि त्यानंतरच नॉर्मलायझेशन चालवते. शून्य रुंदीची चिन्हं उडवायची पायरी असेलच तर ती यांच्या नंतर. क्रम चुकला तर जोडक आधीच गेलेला असतो, आणि उरलेला र रफाराचा होता की ऱ्य चा, हे कुठल्याही प्रोग्रामला सांगता येत नाही. ‘दर्या’ दिसला तर तो समुद्रच होता की दऱ्यांचा झालेला, हे मग वाक्य वाचून माणसालाच ठरवावं लागतं, आणि दहा वर्षांची वाक्यं वाचायला कोणाकडे वेळ नसतो.

प्रत्येक स्रोतात कोणतं रूप किती, याची मोजणीही मी बदलण्याआधी करून ठेवते. सुरुवातीला ती निव्वळ साफसफाईची नोंद होती. पण एखाद्या संकेतस्थळाचं प्रमाण ज्या महिन्यात पालटतं, तिथे त्यांनी यंत्रणा बदलली असावी असा तर्क करता येतो. मराठी मजकूर जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये कधी आणि कसा सरकला, याचा माग या अदृश्य जोडकावरून किती लागतो, ते सध्या तपासते आहे.